उसनी चाळण

रीशान, त्या खिळ्याकडे अशी बघत बसू नकोस.
वीस वर्षं तिथं एक चाळण होती,
माझ्या धाकट्या बहिणीची, आब्रहेतची.
तुझ्या आत्याच्या लग्नात तेफ चाळायला
उसनी आणलेली.
आठवड्यात परत देते, म्हणाले होते.
आठवडा सरायच्या आत
रस्त्यावर रणगाडे आले.

सेनाफेहून अदिग्रात.
पहाटे निघालं की तिथल्या तव्यावरची
पहिली भाकरी हाताला लागायची.
मग कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं
आणि ती वाट चंद्राहून लांब गेली.
चंद्र निदान दिसायचा.

खोटं कशाला बोलू, वापरली मी ती.
तेफाचा दाणा खसखशीसारखा,
दुसऱ्या चाळणीला दाद देत नाही.
दोनदा बूड फाटलं, दोनदा मी विणलं,
तिसऱ्यांदा तुझ्या आईनं.
शेवटी आब्रहेतची म्हणावी अशी
नुसती कड उरली होती,
आणि कडेवरचा तो काळा डाग,
आमची आई ती चुलीपाशी विसरली तेव्हाचा.

दर हिवाळ्यात छाती भरून यायची माझी.
पाद्री यायचा तेलात बोट बुडवून.
मी म्हणायची, अजून नाही, बाबा,
दुसऱ्याची वस्तू आहे घरात.

रस्ता उघडला तेव्हा
निवडुंगाच्या बोंडांचा हंगाम सरत आला होता.
तुझ्या बापानं मला बसमध्ये पुढं बसवलं,
मांडीवर चाळण, चाळणीत मसूर,
उसनं भांडं रिकामं देऊ नये.
नाक्यावरचा पोरगेला सैनिक हसला,
म्हातारे, काय चाळायला निघालीस?
तुम्हाला, म्हटलं.

ती दारात उभी होती.
मला वाटलं, आईच.
तिलाही तेच वाटलं, नंतर म्हणाली.
एवढी वर्षं काय काय घोकून ठेवलेलं,
आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं,
जेवलीस का?

चाळण तिनं उजेडात नेली, उलटी केली, सुलटी केली.
ही माझी नाही, म्हणाली.
मग तिचा अंगठा डागावर गेला
आणि तिथंच राहिला.

रात्री तिनं बोंडं सोलली.
काटा कसा चुकवायचा ते
तिला अजूनही माझ्याहून चांगलं जमतं.
माझा योनास आणि तिचा मेब्रहतू
एकाच डोंगराच्या दोन उतारांवर राहिले.
कुणाच्या गोळीनं कोण,
ते ना मी विचारलं, ना तिनं.
नावं तेवढी घेतली.
मी तिच्या पोराचं, तिनं माझ्या.
बाहेर कुत्रं भुंकत होतं.
शेवटची असूनही बोंडं गोड होती.

त्या रात्री मी अशी झोपले
की सकाळी आब्रहेतनं नाकाशी हात धरून पाहिला.

आता नाताळाआधीच रस्ता पुन्हा बंद झालाय.
काल किब्रोम उंबऱ्यात घुटमळत होता,
म्हातारीला सांगावं की नको.
मी म्हटलं, ये आत, चहा निवतोय.
बंद करू देत. त्यांच्याकडे दुसरं आहे काय?
माझ्याकडून कुणाचं काही येणं नाही.

जात्यातल्या दाण्यांना सुपातले हसतात म्हणे.
मी सुपात नाही, जात्यातही नाही,
केव्हाच दळून झाले, चाळूनही झाले.
आता कुणीतरी पाणी घालावं
आणि झाकून ठेवावं रात्रभर.

यंदाही पाद्री येईल. येऊ दे.
त्याला बसायला ते बुटकं स्टूल दे,
उंचावर बसला की लांबण लावतो.

आणि खिळा उपटू नकोस.
गिलावा पडेल सगळा.
तुझी शाळेची पिशवी अडकव त्याला,
नाहीतरी ती रोज
माझ्या पायांत येते.